शिडाची बोट आणि शेतीची लाईट

अवजड, अवघड आणि मालकाच्या जिवाचा तुकडा असलेली वस्तू एका ठिकाणाहून उचलायची आणि दुसऱ्या ठिकाणी ओरखडा न पडता ठेवायची, एवढाच माझा धंदा. अमरावतीत ट्रेलर घेऊन मी आयुष्य काढलं. जिनिंगची यंत्रं नेली, हार्वेस्टर नेले, फसलेल्या बोअरच्या गाड्या ओढून काढल्या. वस्तूंनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो वस्तूंबरोबर आलेल्या मालकांनी.

अंजनगाव सुर्जीकडचा एक शेतकरी एकदा पटाचा बैल घेऊन आला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, आणि तिच्यात पळणारा बैल म्हणजे घरातला जावई. मी बैलाचं तोंड मागच्या बाजूला करून बांधायला लागलो तर मालकाने माझा हात धरला. "असं नका करू भाऊ. गाव सुटताना दिसते त्याले, मंग दोन दिवस वैरन खात नाही." बैलाला पुढे तोंड करून नेलं. सगळ्या रस्त्याने तो आरशात माझ्याकडे बघत होता, आणि मी गिअर चुकवला की फुरफुरायचा.

कौंडण्यपूरच्या जत्रेला आकाशपाळणा नेला, तेव्हा पाळण्याचा मालक केबिनमध्ये बसायला तयार होईना. पाळण्याला एकट्याला कसं सोडायचं, असं त्याचं म्हणणं. शेवटी ट्रेलरवर आडव्या ठेवलेल्या एका डब्यात तो बसला आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला हात करत आला. दोन गावांतल्या लोकांनी त्याला उमेदवार समजून पाण्याच्या तक्रारी सांगितल्या. त्याने त्या ऐकूनही घेतल्या.

आता थोडं स्वतःबद्दल बोलतो, कारण दुसरं कोणी बोलणार नाही. ट्रेलर पुढे नेणं ही काही विद्या नाही. पुढे तर बैलही जातो. खरी विद्या मागे जाण्यात. ट्रेलरचं ढुंगण डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ते वळायला लागलं की लगेच उलट फिरवून त्याच्या मागे जावं लागतं. नाहीतर गाडी आणि ट्रेलर एकमेकांच्या गळ्यात पडतात. आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा होतात. तिथे मला दोनदा परीक्षक म्हणून बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा मारामारी झाली, पण माझ्या निकालावर नाही, नाश्त्यावर.

तर, विश्वासकाका धांडे.

काका अंजनगावचे. घरी काळी कसदार जमीन, आणि हे गेले जहाजावर नोकरीला. सगळी नोकरी इंजिनच्या खोलीत झाली. मी पहिल्या भेटीत हौसेने विचारलं, "काका, समुद्र कसा असते?" ते विचार करून म्हणाले, "गरम." जहाजाच्या पोटातून त्यांना समुद्र तेवढाच कळला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईकडून एक जुनी शिडाची बोट आणली. जीपपेक्षा लांब, आत दोघांना झोपायला जागा, खाली वर-खाली होणारं लोखंडी पातं आणि वर उभी करायची ॲल्युमिनियमची डोलकाठी. बोट स्वतःच्या चाकांच्या ट्रेलरवर बसून आली आणि काकांच्या अंगणात मुक्काम ठोकून राहिली. अंजनगावात पानमळे आहेत, केळीच्या बागा आहेत, सगळं आहे. शिडाची बोट सोडायला पाणी तेवढं नाही.

"कशाले आनली मंग?" मी विचारलं.

काकांनी आत बघितलं, काकू ऐकत नाहीत याची खात्री केली आणि सांगितलं. सुशीलाकाकूंचं माहेर बोरखडी. त्यांचं लग्न झाल्यावर काही वर्षांनी धरण झालं आणि बोरखडी पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी ते गाव उघडं पडत नाही, इतक्या खोलात आहे. गाव उठलं तेव्हा काका कुठल्याशा बंदरात होते, आणि लेकरं लहान असल्यामुळे काकूंना एकटीला जाता आलं नव्हतं. भाऊ सुरतेकडे गेले, तिकडेच राहिले. तेव्हापासून घरात कोणत्याही विषयावर वाद झाला की शेवट ठरलेला. काकू म्हणायच्या, "साऱ्या दुनियेत फिरले, पन मले माहेरी नेनं काई झालं नाही."

"म्हनून आनली," काका म्हणाले. "गावावरून फिरवून आनतो एक डाव."

मी म्हटलं, मासेमारांचे डोंगे असतात की तिथे. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. म्हणजे त्या सगळं ऐकत होत्या. "भाड्याच्या डोंग्यात माहेरी जाऊ का? लोकं काय म्हनतीन?"

"कोन्ते लोकं?" काका म्हणाले. "गाव तं बुडलं."

"मंग का झालं?"

काकू बाहेर आल्या आणि अट घातली. गुडघे दुखतात, त्यामुळे एकच दिवस येणार. त्या दिवशी जमलं तर जमलं. नाही जमलं तर बोट विकायची, अंगण मोकळं करायचं आणि माहेराचा विषय दोघांनीही कायमचा बंद करायचा. काका एवढे घाबरलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. त्यांच्या सगळ्या म्हातारपणाचा डाव त्या एका दिवसावर लागला होता.

धरणाचं नाव मी सांगणार नाही. कारण तिथे बोट सोडायला कोणाची परवानगी लागते हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

बोट पाण्यात सोडायची म्हणजे काय, ते सांगतो. पाण्यात उतरत जाणारा पक्का उतार लागतो. ट्रेलर मागे मागे नेत त्या उतारावरून पाण्यात घालायचा. गाडी कोरडी राहिली पाहिजे आणि ट्रेलर बुडला पाहिजे. पुरेसं पाणी झालं की बोट आपोआप ट्रेलरवरून उचलली जाते, तरंगते, आणि दोराने धरून बाजूला घेता येते. शहरात यासाठी सिमेंटचे उतार बांधतात. आमच्याकडे धरणानेच एक बांधून ठेवला होता. बोरखडीला जाणारा जुना डांबरी रस्ता. तो आजही शेतांमधून येतो आणि सरळ पाण्यात शिरतो, खाली गाव असल्यासारखा. म्हणजे आहेच म्हणा.

मी आधी एकटा जाऊन जागा बघून आलो. रस्ता टणक होता. फक्त एक अडचण होती. पाण्याच्या थोडं अलीकडे शेतकऱ्यांच्या मोटारींच्या तारा रस्त्यावरून आडव्या गेल्या होत्या. धरणकाठाला पंप बसवलेले, आणि डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, पंपांपर्यंत बल्ल्यांवर टाकलेल्या आठ-दहा जणांच्या तारा, एकमेकींत गुंतलेल्या. डोलकाठी तर अलीकडच्या सपाट जागेवरच उभी करावी लागणार होती, उतारावर ती उभी राहत नाही. म्हणजे उभ्या डोलकाठीसकट तारांखालून जायचं. तिथे हरभऱ्याला पाणी देत एक शेतकरी उभा होता. त्याला विचारलं.

"त्याचं का टेन्शन घेता?" तो म्हणाला. "दुपारी बाराले शेतीची लाईट जाते. गेली की तारा खाली काढून ठेवा, तुमचं निघालं की वर टाका. आमी पानी उतरलं की पंप पुढं सरकवतो, तवा दरवर्षी तेच करतो."

"नक्की जाते?"

तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. "भाऊ, सूर्य उगवन्याची ग्यारंटी नाही देत मी. लाईट जान्याची देतो."

आणि मी विश्वास ठेवला. पुण्या-मुंबईचा माणूस असता तर त्याने कंपनीला अर्ज केला असता. आम्ही वऱ्हाडातली माणसं. लाईट येण्यावर आम्ही कधी भरवसा ठेवला नाही, पण जाण्यावर डोळे मिटून ठेवला.

ठरलेल्या दिवशी सकाळी निघालो. माझ्या जीपला बोट जोडलेली, मागे काका-काकू कारमध्ये. बोट बांधताना माझा नियम असा, की पट्टा इतका ताणायचा की बोटाने वाजवल्यावर तंबोऱ्यासारखा बोलला पाहिजे. वाटेत चहाला थांबलो तर भोवती गर्दी.

"हे काय होय?"

"डोंगा."

"पान्यातला?"

"नाही, कपाशीतला."

"कोन्त्या पार्टीची निशानी हाय?" असं एकाने विचारलं, आणि कोणत्याच पार्टीची नाही म्हटल्यावर त्याचा बोटीतला सगळा रस संपला.

डोलकाठी उभी करायला मी मांडववाले आणले होते. मोठे खांब उभे करून चारी बाजूंनी दोर ताणणं हे त्यांचं रोजचं काम. काका कागदावरची आकृती दाखवत होते आणि मांडववाले तिच्याकडे न बघता काम करत होते. डोलकाठी झक्क उभी राहिली. एकाने सवयीने वर झालरही लावू का विचारलं. मग त्यांना नांदगाव खंडेश्वरला लग्न होतं, म्हणून ते टेम्पोत बसून निघून गेले. आता ती डोलकाठी खाली घ्यायला आमच्याकडे माणसं नव्हती. पण खाली घ्यायची कशाला? बारा वाजतच आले होते.

बारा वाजले. पंप चालू.

थोडा वेळ थांबलो. पंप चालूच. सगळ्या काठाने मोटारींचा घूं-घूं आवाज येत होता आणि हरभऱ्यात पाणी खळाळत होतं. मी वरच्या तारांकडे बघितलं. ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि चालू तार म्हणजे मालकासकट वांग्याचं भरीत. कारची काच खाली करून काकू म्हणाल्या, "काय झालं?"

"लाईट गेली नाही," काका म्हणाले.

मी त्या भागाच्या वायरमनला फोन लावला.

"वायरमनभाऊ, बोरखडीच्या डीपीची लाईट काहून नाही गेली?"

पलीकडून आवाज आला, "काय म्हनलं?"

"बारा कवाचेच वाजले. लाईट अजून चालू हाय."

"मंग?"

"मंग काय, तक्रार करून राहिलो."

"कोन बोलून राहिलं बे? फिरक्या घेतं का?" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर त्याने माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली. त्याचंही बरोबर होतं. त्या माणसाने नोकरीभर लाईट गेल्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. न गेल्याची तक्रार त्याला पहिल्यांदाच आली होती.

तो हरभऱ्यावाला शेतकरी बांधावरून आला. नाव प्रल्हाद गावंडे, वयाने काकूंच्या जवळपासचा. ग्यारंटी दिलेली असल्यामुळे जरा ओशाळला होता. मी म्हटलं, डीपी बंद करायला तुम्हीच सांगा त्या वायरमनला. तुमचं तरी ऐकेल.

त्याने कानाला हात लावला. "असं नका म्हनू भाऊ. आज देवानं लाईट देली, अन् मी म्हनू का बंद कर? आमाले रात्रीची पाळी असते. अंधारात सापाइच्या अंगावर पाय देत ओलीत करतो आमी. आज दिवसा पानी भेटून राहिलं. या साऱ्या लोकायचं भेटून राहिलं. एका डोंग्यासाठी बंद करू?"

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. काका जीपला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "गजाननभाऊ, विकून टाका मंग. कोनी गिऱ्हाईक असलं तं पाहा." मला फार वाईट वाटलं. मी आयुष्यभर अडकलेल्या गोष्टी काढल्या, आणि मोकळा रस्ता, मोकळी बोट, समोर पाणी असताना आम्ही अडकलो होतो उजेडात.

कारचं दार उघडलं. काकू काठी टेकत आमच्याजवळ आल्या आणि प्रल्हादला खालून वर बघितलं.

"गावंड्याचा पल्ल्या का रे तू?"

त्या वयाच्या माणसाला पल्ल्या म्हणणारं आता कोणी उरलं नसावं. तो चमकला. "कोन?"

"आमच्या बोरी पाडत होता. माह्या बापानं निंबाले बांधून ठेवलं होतं तुले."

"सुशी?" प्रल्हादचा जबडा खाली आला. "सुशीबाई? अन् अथी कुठी चालली व?"

काकूंनी काठीने पाण्याकडे दाखवलं. "माहेरी."

प्रल्हादने पाण्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं, मग वरच्या तारांकडे. तो बांधावर चढला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "अय! बंद करा रे मोटारी! वानखड्याची सुशी माहेरी चालली!"

नवी बोरखडी त्या काठावरच वसवलेली आहे. म्हणजे आज ज्यांचे ज्यांचे पंप चालू होते, ते सगळे त्याच बुडालेल्या गावातले. एकेक मोटार थांबत गेली. पहिल्या दोन पटकन थांबल्या. एक मात्र बराच वेळ चालू राहिली, तिचा मालक म्हातारा होता आणि त्याला ऐकू कमी येत होतं. त्याला जाऊन सांगितल्यावर त्यानेही बंद केली आणि विचारलं, "कोन मेलं?"

पण मोटारी बंद झाल्या तरी तारेत वीज होतीच. प्रल्हादने वायरमनला फोन करून, इकडे ये, तुझ्याशी काम आहे, एवढंच सांगितलं. वायरमन मोटारसायकलवर आला तो भांडायच्या तयारीने, बाह्या सरसावून. उतरला, उभी डोलकाठी बघितली, तारा बघितल्या, काकूंना बघितलं. प्रल्हादने सगळं सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला, "फोनवर असं सांगाव न बाप्पा," म्हणाला आणि डीपीकडे गेला. फ्यूज काढून तिथूनच हात केला. "गेली!"

काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमन तिथेच उभा राहिला. नंतर तो मला म्हणाला, "भाऊ, लाईट घालवली अन् लोकायनं टाळ्या वाजोल्या, घरी सांगतलं तं कोनाले खरं वाटनार नाही."

तारा काढून जमिनीवर ठेवल्या. मी जीपमध्ये बसलो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी नाही जात."

काका रडकुंडीला आले. "आता काय झालं?"

"मले घ्याले कोन आलं? बिनबोलावता माहेरी जात नाही मी. माह्या मायनं असं शिकवलं नाही."

हे खरंच होतं. लेक माहेरी जाते ती कोणी घ्यायला आलं तर. भाऊ येतो, नाहीतर चुलतभाऊ, तेही नसेल तर गावातला कोणी तरी. प्रल्हाद तसाच चिखलाने भरलेल्या पायांनी पुढे झाला. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, झटकला आणि खांद्यावर नीट घेतला. "चाल बाई. घ्याले आलो मी." मग काकांकडे वळून रीतीप्रमाणे विचारलं, "जावईबापू, धाडता ना?"

"धाडतो, धाडतो," काका म्हणाले. "पन मलेही घेऊन चाला. डोंगा कोन चालवीन?"

मांडववाल्यांची शिडी आमच्याकडेच राहिली होती. ती लावून काकूंना बोटीत चढवलं, मागोमाग काका आणि प्रल्हाद चढले. एरवी माणसं बसवून बोट पाण्यात उतरवू नये. हे मी सगळ्यांना सांगतो आणि तेही ऐकत नाहीत. पण त्या गुडघ्यांना पाण्यातून चढणं जमणार नव्हतं. मी पट्टे सोडले, पुढचा दोर एकाच्या हातात दिला आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर रिव्हर्स घेतला. परीक्षक म्हणून सांगतो, चाक डांबराच्या कडेला लागलं नाही. मागून काकू सूचना करत होत्या, "सावकाश भाऊ, उजवीकडं गावंड्याचा गोठा होता." मी गोठा वाचवून घेतला. चाकं बुडाली, ट्रेलर बुडाला, आणि मला गाडीत कळलं की ओझं गेलं. हे सांगून कळत नाही. हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं होतं. बोट तरंगली होती.

काकांनी शीड चढवलं. वारा होता, पण बेताचा. शीड दोनदा फडफडलं, एकदा काकांच्या टोपीला घेऊन गेलं, आणि बोट चालायला लागली. इंजिनाशिवाय काही चालतं यावर काकांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. ते सारखे मागे वळून बघत होते.

आम्ही काठावर बसलो. मोटारी बंद होत्या, त्यामुळे असा सन्नाटा, की मधल्या पाण्यावरून त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. काकू आणि प्रल्हाद भांडत होते. वानखड्यांचं घर कुठे, यावर. प्रल्हाद म्हणे अजून पुढे, काकू म्हणत इथेच. शेवटी काकू म्हणाल्या, "मले माहं घर दाखवतं का?" आणि प्रल्हादने हात जोडले. काकांनी लंगर उचलला, म्हणजे बोट थांबवायचा लोखंडी आकडा. तशी काकू ओरडल्या, "खबरदार! माह्या मायच्या घरावर लोखंड टाकता का?" म्हणून काका बोट नुसतीच त्या जागेभोवती गोल फिरवत राहिले. काकू कडेला वाकून पाण्यात बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

इकडे काठावर चुळबूळ सुरू झाली. एक उठून उभा राहिला. "ते वानखड्याचं नाही होय, ते देवीचं ठानं होय. घर डाव्या अंगानं." दुसरा म्हणाला, "कायचं डाव्या अंगानं? मंग माहं घर कुठी गेलं?" बघता बघता अख्खं गाव पाण्याच्या कडेला उभं राहून ओरडायला लागलं. "काका, जरा इकडून घ्या!" "शाळेवरून आना, शाळेवरून!" "तो पार होय, हळू घ्या!" आणि काका बिचारे मिळेल त्या वाऱ्यावर बोट एकेकाच्या घरावरून नेत होते. ज्याच्या घरावरून जाई तो खाली बसे.

ऊन कलायला लागलं. वायरमन मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याला वरून दोनदा फोन येऊन गेले होते. तो घसा खाकरून म्हणाला, "आता करू का लाईट चालू? हरभरा वाया जाईन तुमचा."

कोणी मान वळवली नाही. ऐकू कमी येणारा तो म्हातारा तेवढा त्याच्याकडे बघत होता. शेजाऱ्याने त्याच्या कानात प्रश्न पुन्हा सांगितला.

"थांब न गा," म्हातारा म्हणाला. "माह्या घरावरून डोंगा अजून कुठी गेला?"